चाफ्यावरचा तांबेरा

एकोणीस सप्टेंबर, सकाळचे सव्वासात. पूजेसाठी चाफ्याची फुले काढताना एक पान उलटले आणि बोटांना नारिंगी भुकटी लागली. दुसरे उलटले, तिसरे उलटले. नंदनवन वस्तीतील आमच्या अंगणातल्या त्या झाडावर निरोगी पान उरले नव्हते. प्रत्येकाच्या पाठीवर बारीक पुटकुळ्या होत्या आणि त्या फुटून भुकटी सांडत होती. ती नखांत गेली, बनियनवर पडली, टोपलीतल्या पांढऱ्या फुलांवर बसली. ती फुले मी देवापर्यंत नेली नाहीत.

तांबेरा ही बुरशी. ती जिवंत पानाच्या आत शिरून त्याच्यावरच पोसते. मेलेले पान तिला चालत नाही. मला याचीच अधिक किळस आली.

पंधरा दिवसांपूर्वी ती केवळ खालच्या चार पानांवर होती. आमचे घराणे उमरेडच्या विणकरांचे. ताण्याच्या उभ्या सुताला कांजीची खळ देण्याचा वडिलांचा कुंचा माझ्याकडे होता. तो पाण्यात बुडवून मी पानांच्या पाठी झाडल्या, एकाच दिशेने, सुतावर झाडतात तशा. आधी आजारी चार, मग खबरदारी म्हणून उरलेली सर्व. काम नीट झाल्याचे समाधानही वाटले होते.

साडेआठला एक पान पिशवीत घालून रोपवाटिकेत गेलो. तिथल्या माणसाने मला फाटकावरच अडवले.

"काका, तिथंच थांबा. ते आत नका आणू." कुंच्याची हकीकत ऐकून तो म्हणाला, "मंग तुम्हीच पेरलं ना! आता सगळे पानं तोडा अन् जाळा. लाकडाले काही होत नाही."

त्याच दिवशी धाकटी बहीण रामटेकहून फांदी न्यायला यायची होती. उमरेडचे घर विकल्यावर तिथला चाफा नव्या मालकाने तोडला. आईने लावलेल्या त्या झाडाच्या फांदीपासून वाढलेला माझा चाफा, हेच आता त्याचे एक अंग उरले होते. बहिणीने रामटेकच्या अंगणात खड्डा खणून ठेवला होता.

ती अकराला आली. झाड पाहून हसली.

"काहून गा भाऊ, झाडाचं लगन आहे का? हळद लावून ठेवली!"

"तांबेरा आहे. हात लावू नको."

"कशानं आला?"

"चार पानांवर होता. मी पसरवला. बाबाच्या कुंच्यानं, ओला करून."

"पानाले खळ देऊन राहिला होता का गा तू?" तिचे हसू थांबले. "अन् माही फांदी?"

"देतो. पान एकही राहणार नाही. नुसती काठी नेशील."

"मायनं तुले काठीच तं देल्ली होती."

मी नाकाला फडके बांधून पाने तोडली. देठांतून पांढरा चीक गळत होता. त्यात भुकटी कालवली जाऊन हातांवर पिवळट लगदा साचला. ओली पाने पेटेनात, रॉकेल ओतले. कुंचा तीनदा धुतला. तिन्ही वेळा पाणी नारिंगी निघाले. तोही आगीत टाकला.

मग कात्रीने एक फांदी कापली, चीक पुसला, वर्तमानपत्रात गुंडाळली. कापलेली जागा सुकेपर्यंत, आठ दिवस, लावू नको, असे बहिणीला दोनदा सांगितले. चारच्या बसमध्ये तिने ती मांडीवर आडवी धरली होती.

घरी येऊन कात्री उकळत्या पाण्यातून काढली, पुसली, खिळ्याला अडकवली. शेजारचा कुंच्याचा खिळा उपटून टाकला.