तिरकी घोडी

आमच्या काकांना तिरकं काही बघवत नाही. परक्याच्या घरी गेले आणि भिंतीवरचं कॅलेंडर कललेलं दिसलं, तर हातातला पाण्याचा पेला खाली ठेवून आधी ते सरळ करतील. एकदा दवाखान्यात डॉक्टर त्यांची नाडी बघत होते, तेव्हा मोकळ्या हाताने त्यांनी टेबलावरची नावाची पाटी सरळ केली होती.

त्रेचाळीस वर्षं त्यांनी लाकडाला पॉलिश केलं. त्यांच्या हातचं कपाट असं, की त्यात बघून भांग पाडावा. म्हणून धंद्यातले लोक त्यांना 'आरसा' म्हणतात. आरशाला बोलवा, आरशाकडे द्या. काकू म्हणते, "आरसाच तो. दुसऱ्याचं तोंड दाखवील, स्वतःचं कधी बघायचा नाही." मी त्यांची पुतणी, वरच्या मजल्यावर राहते, एका शाळेत ग्रंथपाल आहे. माझीही जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात, पण काकूपुढे मी काहीच नाही.

तर सत्तरीला टेकलेल्या, जन्मात कधी शीळसुद्धा न घातलेल्या या माणसाने यंदा एक जुनी गिटार विकत आणली. एका घरी कपाटाचं काम करायला गेले होते. घरमालकाच्या वारलेल्या भावाची ती गिटार कोपऱ्यात पडून होती. विजेवर वाजणारी, पण पोटातून पोकळ, छातीवर दोन वळणदार फटी. काकांनी ती घरी आणून टेबलावर ठेवली तेव्हा काकू स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. चौदा वर्षं आमच्या घरात गिटार हा शब्द कुणी काढला नव्हता.

याचं कारण दादा, म्हणजे काकांचा एकुलता एक मुलगा. अशीच एक गिटार त्याला त्याच्या मास्तरांनी दिली होती, स्वतः म्हातारे झाले म्हणून. दादाचा पहिला जाहीर कार्यक्रम ठरला. आधीचे दोन आठवडे तो परीक्षेसाठी बाहेरगावी होता, आणि काकांनी तेवढ्यात त्याला चकित करायचं ठरवलं. जुना रंग खरवडून काढला, पॉलिशपेपर फिरवला आणि मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या गाठीने अकरा दिवस लाखेचे हात मारले. गिटार अशी झाली, की दिवा लावायची गरज नाही. कार्यक्रमाला त्यांनी आपली सगळी गिऱ्हाइकं बोलावली आणि स्वतः पहिल्या रांगेत बसले.

मी तिसऱ्या रांगेत होते. दादा वाजवायला लागला आणि पहिल्याच गाण्यात सूर घसरायला लागले. बोटं जितकी वर जात तितकं बिघडत होतं. मागे कुणीतरी हसलं. घरी आल्यावर सगळ्यांच्या देखत काका म्हणाले, "वाद्य मी सोन्यासारखं करून दिलं. तुझ्याच हातात सूर नाही, त्याला मी काय करू?"

दादाने गिटार कपाटावर ठेवली. महिन्याभराने ती कुणाला तरी देऊन टाकली आणि नोकरी धरून दुसऱ्या शहरात गेला. दर रविवारी त्याचा फोन येतो. काकूशी तो अर्धा तास बोलतो. मग फोन काकांच्या हातात. "बरं आहे ना?" "बरं आहे." एवढ्यावर चौदा वर्षं निघाली.

"ही नवी करून पाठवतो त्याला," काका मला म्हणाले. "माझ्या मनातली रुखरुख तरी जाईल."

"काका, आधीची नवी केलीत तेवढी पुरे नाही झाली?" माझ्या तोंडून निघून गेलं.

आठवडाभर मात्र त्यांनी तिला पॉलिशपेपर लावला नाही. आधी लाकडाची ओळख करून घ्यायची, ही त्यांची पद्धतच आहे. बोटाच्या पेराने ठोकून बघितलं, फटींना नाक लावून वास घेतला. एवढं मोठं धूड, पण उचललं तर रिकाम्या टोपलीसारखं हलकं. पाठीवर कुणाच्या पट्ट्याच्या बकलाने ओरखडे काढले होते. दांडीच्या मागे, जिथे अंगठा सरकतो तिथे रंग पार जाऊन लाकूड उघडं पडलं होतं. "हा माणूस खूप वाजवायचा," काका म्हणाले. वारलेल्या माणसाची त्यांना तेवढीच माहिती होती. मग सोबत आलेला अॅम्प्लिफायर लावून त्यांनी बटण पुरतं पिळलं, तर तारेला हात न लावताच गिटार हंबरायला लागली. काका दचकून मागे सरले. "म्हैस कुठून आणलीत?" काकू आतून ओरडली. चौदा वर्षांत गिटारीवरून झालेली ती पहिली थट्टा.

रविवारी दुपारी त्यांनी तारा काढायला घेतल्या. मी शेजारी बसले होते. शेवटची तार सैल झाली आणि घोडी, म्हणजे ज्या लाकडी पट्टीवरून तारा जातात ती, त्यांच्या हातात आली.

"सुटली," ते म्हणाले. "त्याच्या गिटारीचीही अशीच सुटली होती."

त्यांनी सवयीने सरसाची बाटली जवळ ओढली, काटकोन बघायचा गुण्या घेतला, आणि घोडी बसवायची जागा पुसायला वाकले. वाकले ते तसेच राहिले. मग चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी नाक जवळजवळ लाकडाला टेकवलं.

"इथे सरस कधी नव्हताच," ते हळूच म्हणाले. "रंग अखंड आहे. ही सुटलेली नाही, सुटीच असते. तारांच्या दाबावर उभी राहते."

घोडीच्या पायांच्या दोन पुसट खुणा जुन्या रंगावर उमटल्या होत्या. काकांनी त्यांना गुण्या लावला. खुणा काटकोनात नव्हत्या, जराशा तिरक्या होत्या.

त्यांनी घोडी त्या खुणांवर ठेवली, तिरकीच, आणि पुन्हा तारा चढवल्या. सूर दाखवणारं एक अॅप माझ्या फोनवर होतं, ते मी समोर धरलं. मोकळी तार छेडली, काटा मधोमध. वर सरकून दांडी संपते तिथे बोट दाबलं. काटा मधोमध. सहाही तारांचं तेच.

"आता सरळ करून बघू," ते म्हणाले.

त्यांनी तारा सैल केल्या, गुण्या लावून घोडी काटकोनात बसवली आणि तारा पुन्हा सुरात आणल्या. मोकळी तार बरोबर लागली. वर बोट दाबलं, तर काटा बाजूला पडला. जाड तारेवर तर पारच. पुन्हा तिरकी, पुन्हा सरळ. तीनदा केलं. चौथ्यांदा त्यांनी घोडी खुणांवर ठेवली आणि हात मागे घेतले.

"त्याची मी सरळ करून चिकटवली होती," ते म्हणाले. "आणि खुणा आधीच खरवडून काढल्या होत्या."

चौदा वर्षं मी या माणसावर मनातून चिडलेली होते. त्या दुपारी मला त्यांच्याकडे बघवेना. त्रेचाळीस वर्षं डाग काढण्यात गेली, आणि मुलाचा सूर त्या डागांपाशी होता.

फोन त्यांनी स्वतः लावला. काकूची वाट बघितली नाही. मी स्पीकर चालू केला.

"बाबा? आई बरी आहे ना?" दादाने घाबरून विचारलं.

"बरी आहे. तुझ्या हातात सूर होता," काका म्हणाले. "घोडी मी चुकीची चिकटवली होती. आज कळलं मला. मी सगळ्यांसमोर तुला..."



"मला माहीत होतं, बाबा."

"केव्हापासून?"

"परीक्षेहून आलो त्याच दिवशी. वाजवून बघितली ना मी. सोडवायला गेलो असतो तर वरचं लाकूडच उखडलं असतं."

"अरे, मग दुसरी घ्यायची कुणाची तरी! तीच घेऊन का बसलास?"

"तुम्ही पहिल्या रांगेत बसणार होता," दादा म्हणाला. "ती बघायला."

काकू दारात येऊन उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. मग दादानेच विचारलं, "आता कुठली गिटार आणलीत? तशीच?"

"तशीच. जुनी आहे. ओरखडे आहेत खूप."

"घोडी कशी आहे?"

"तिरकी."

"राहू द्या तशीच. काही सरळ करू नका, काही पुसू नका," दादा म्हणाला. "मी शनिवारी येतो."

फोन बंद झाला. घोडीपाशी लाकडावर काकांच्या बोटांचे ताजे ठसे उमटले होते. त्यांचा हात सवयीने फडक्याकडे गेला, अर्ध्यावर थांबला. मग दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ते गिटारीसमोर बसून राहिले.