महादेवची मोबाइलवरची शेती

हृतिकने नवा फोन घेतला आणि जुना बापाला दिला. त्यात शेतीचा एक खेळ होता. बोट लावलं की नांगरणी, बोट लावलं की पेरणी, आणि चहा संपायच्या आत गाजरं तयार. महादेवचं आयुष्य उरणकडच्या मिठागरात गेलेलं. पळस्प्याच्या घरामागे वडिलांच्या वेळचा जमिनीचा तुकडा होता, पण त्यात त्याने कधी कुदळ मारली नव्हती. मोबाइलवर मात्र गणपतीपर्यंत तो बडा बागायतदार झाला. घरी कुणी आलं की पाण्याच्या आधी त्याला आपली गोदामं दाखवायचा.

"खऱ्या कोंबड्यांना दाणे टाका म्हटलं, की कंबर धरते तुमची," बायको जनी म्हणायची.

दसऱ्याला हृतिकने विषय काढला. "बाबा, मागची जमीन बिल्डर मागतोय. पडीक ठेवून काय करायचंय?"

जनीने हातातलं ताट खाली ठेवलं. बाकीची जमीन केव्हाच गेली होती. सासऱ्यांच्या हातचं एवढंच उरलं होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. जन्मात मुलाशी वाद न घातलेला महादेव बोलून गेला, "पडीक कशाला? मी वाल लावतो."

हृतिकला हसू आवरेना. "लावा. माघात तुमच्या वालाची पोपटी झाली तर जमीन ऱ्हायली. नायतर सही करायची."

पोपटी म्हणजे मडक्यात पाला घालून भाजलेल्या वालाच्या शेंगा. एक मडकं भरायचं होतं, एवढीच गोष्ट.

वेळेवर गेलं नाही तर पीक सुकतं, ही विद्या महादेव खेळात शिकला होता. तो सकाळ-संध्याकाळ पाइप घेऊन उभा राहू लागला. मध्येच शंका आली की दुपारीही जायचा. वाल हिरवागार माजला. महादेव शेजाऱ्यांना बोलावून दाखवू लागला. शेंग तेवढी दिसेना. मग पानं पिवळी पडली आणि मुळं कुजली.

माघात आपट्याहून मुलीचे सासरे बळीराम आले. शेतात पाय टाकताच चप्पल चिखलात रुतली.

"व्याही, वाल दवावर होतो. ओलीवर टाकायचा नि विसरायचा. तुमी काय मिठागर भरताय?"

बांधाजवळ, जिथे पाइप पोचत नव्हता, तिथे ओंजळभर शेंगा निघाल्या. मडकं शेवटी बळीरामांनी आणलेल्या शेंगांनीच भरलं.

खाताना सगळे महादेवला हसत होते, आणि तोही हसत होता. पण मनात वेगळाच हिशेब चालू होता. दहावीला तो एकदा नापास झाला तो पुन्हा परीक्षेला बसलाच नाही. सायकलवरून पडला, तर सायकलच विकली. खेळात मात्र कितीदा बुडाला, आणि दरवेळी निर्लज्जासारखं बटण दाबून पुन्हा पेरणी केली. तिथे लाज वाटायला समोर कुणी नसतं, एवढाच फरक.

"हृतिक," तो म्हणाला. त्याचे कान तापले होते. "आणखी एक साल दे."

"आणि पुन्हा कुजला तर?"

"तर पुन्हा मागीन."

जनी डोळे मोठे करून बघत राहिली. या माणसाने लग्नात दुसरा लाडूही मागितला नव्हता.

हृतिकने शेंग सोलली, दाणे तोंडात टाकले आणि फोन काढला.

"शेठ, यंदा नाय जमणार," तो बिल्डरला म्हणाला. "आमच्या शेतकऱ्याचं शिक्षण चालू हाय."