सिलेंडर लावायला अकोल्याहून

दीपमाला तायडेच्या घरचा गॅस संपला की तिचा नवरा सिलेंडर लावून द्यायला अकोल्याहून अमरावतीला येत असे. नवरा तिकडे दुसऱ्या बाईसोबत राहत होता, हे वडाळीतल्या त्यांच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तरी तो येई. सकाळच्या एसटीनं उतरे, चपला दाराबाहेर काढी, आपल्या आईच्या खाटेवर क्षणभर टेके आणि सरळ स्वयंपाकघरात शिरे. ओट्याखालचा रिकामा सिलेंडर ओढून काढी, कोपऱ्यातला भरलेला बुडाच्या कडेवर फिरवत फिरवत त्याच्या जागी नेई, रेग्युलेटर बसवी, साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाही. मग चहाचं आधण स्वतःच ठेवी. चहा झाला की दुपारच्या गाडीनं परत.

त्याचं नाव ललित. एसटीच्या वर्कशॉपमध्ये तो मेकॅनिक होता आणि दीपमाला कंडक्टर. लग्न झालं तेव्हा दोघंही अमरावती डेपोत होते. लग्नाच्या पहिल्याच वर्षी शेजारच्या घरात नवा सिलेंडर लावताना गॅस सुटला. जळलं काही नाही, कोणाला इजा झाली नाही. पण तो फुस्स आवाज भिंतीपलीकडून दीपमालेनं ऐकला आणि ती ओल्या हातानं, पदर न सावरता रस्त्यावर पळत आली. ललित ड्युटीवरून आला तेव्हाही ती बाहेरच उभी होती. तो हसला नाही. म्हणाला, "तू हात लावू नोको त्याले. मी हावो ना." तेव्हापासून सिलेंडर हे त्याचं काम झालं. घरात कोणती कामं कोणाची, हे काही बसून ठरत नाही. एकदा पडलं की पडलं.

मूलबाळ झालं नाही. त्याचंही दोघांनी फार केलं नाही. घरात सासू केशरबाई होती. तोंडाची फाटकी, पण मनात काही ठेवणारी नव्हे. दीपमाला दर्यापूरच्या गाडीवर जाई, दिवसभर "पुढं सरका, मागची जागा खाली हाय" म्हणून ओरडे आणि घरी आली की तिला बोलायचा कंटाळा येई. ललितही मुळात कमी बोलणारा. घर शांत होतं, आणि शांत म्हणजे बरं, असं ती धरून चालली होती.

मग त्याची अकोल्याला बदली झाली. आधी तो रोज ये-जा करी, मग आठवड्यातून येऊ लागला. डेपोजवळ रूपाली नावाच्या एका विधवा बाईची खानावळ होती, तिथे तो जेवायला जाई. पुढचं दीपमालेला नागसेननं सांगितलं. नागसेन अकोला डेपोचा ड्रायव्हर, ललितचा जुना सोबती. दर्यापूरच्या स्टँडवर दोघांच्या गाड्या शेजारी लागल्या होत्या.

"जयभीम ताई," तो म्हणाला. बराच वेळ टायरकडे पाहत राहिला. "तुमाले कोनी सांगितलं नसन तर मीच सांगतो. ललितभाऊ आता खोलीवर नाई राहत. थ्या खानावळवालीच्या घरीच राह्यते. मोठ्या उमरीत."

दीपमालेनं ऐकून घेतलं. "गाडीची वेळ झाली," म्हणाली आणि चढून घंटी मारली. परतीच्या वाटेवर तिनं एकही तिकीट चुकवलं नाही. एका म्हातारीला तिच्या गावच्या फाट्यावर धरून उतरवलं. घरी आली, सासूला जेवायला वाढलं, भांडी घासली, आणि रडू येईल म्हणून वाट पाहत खाटेवर बसली. दात काढायच्या आधी गालात सुई देतात. मग गाल आपलाच असतो, बोटांना लागतो, पण गालाला बोट लागत नाही. तसं काहीसं झालं होतं. सुई उतरली की ठणकेल, असं तिला वाटलं. ठणकलं नाही.

केशरबाईला कळलं तेव्हा तिनं घर डोक्यावर घेतलं. "येऊ दे त्याले! तंगडं तोडून हातात देतो!"

"राहू द्या, माय," दीपमाला म्हणाली.

"कायचं राहू दे? तुले काईच वाटत नाई का व?"

दीपमालेनं खरंच आत पाहिलं. काही सापडेना. "मले सकाळची ड्युटी हाय," ती म्हणाली.

ललितनं आईला अकोल्याला बोलावलं होतं. केशरबाई गेली नाही. माझं घर हे आहे, असं तिनं गल्लीभर सांगितलं. नंतर महिन्याभरानं गॅस संपला. दीपमालेनं काही फोन केला नाही; केशरबाईनंच केला, शिव्या घालायला. शिव्यांच्या शेवटी ती म्हणाली, "आन गॅस बी सरला." दुसऱ्या दिवशी ललित दारात. केशरबाई तोंड फिरवून निजली. दीपमाला ड्युटीवर निघायच्या बेतात होती. तो आत गेला, काम करून बाहेर आला.

"वायसर झिजलं होतं. बदललं," तो म्हणाला.

"बरं."

तेवढंच बोलणं. आणि तीच वहिवाट पडली. शेजारचे देवराव एकदा म्हणाले, मी लावून देतो की, पाच मिनिटांचं काम. गॅसच्या गाडीवरचा पोऱ्याही म्हणाला, मावशी, दाखवतो, सोपं आहे. दोघांनाही ती एकच सांगे, "ते येतात ना." लोक हसत. कोणी म्हणे अजून जीव गुंतलाय बिचारीचा, कोणी म्हणे हट्ट आहे, नवऱ्याला हेलपाटे घालायला लावते. दीपमालेला दोन्ही पटत नसे. एक वस्तू जिथे पडली होती तिथे पडली होती. ती उचलून दुसरीकडे ठेवायला लागणारं बळ घरात कोणाकडे नव्हतं. वर्षं गेली. बायांना एसटीचं अर्धं तिकीट झालं, तिच्या गाडीत उभं राहायला जागा उरेना, तिचे केस कानांवर पांढरे झाले. ललित येत राहिला.

गेल्या हिवाळ्यात गॅस संपला आणि तिनं फोन लावला, तर उचलला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. विजेच्या शेगडीवर ती खिचडी टाकत राहिली. शेवटी फोन उचलला तो एका बाईनं. तो आवाज दीपमालेनं आधी कधी ऐकला नव्हता, तरी ओळखला.

"ताई," रूपाली म्हणाली. "त्यायले लकवा मारला. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आनलं आता. तुमाले सांगाची मले हिंमतच नाई झाली."

"बोलते का?"

"थोडं थोडं. समजून घ्या लागते."

दीपमालेनं फोन ठेवला. केशरबाईला सांगितलं. केशरबाई उठली आणि धुतलेलं लुगडं नेसायला लागली.

दोघी अकोल्याच्या गाडीत बसल्या. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा केशरबाईनं खिडकीतून चार संत्री घेतली, मांडीवर ठेवली. दीपमाला सवयीनं कंडक्टरकडे पाहत होती. तो सुट्या पैशांच्या हिशेबात चुकत होता. ती नवऱ्याचा विचार करायचा प्रयत्न करी आणि मन पुन्हा त्या कंडक्टरच्या बॅगेवर जाऊन बसे.

मोठ्या उमरीतलं घर दोन खोल्यांचं होतं. बाहेरच्या खोलीत खाट, खाटेवर ललित. तोंड एका बाजूला उतरलं होतं, उजवा हात पोटावर कोणीतरी ठेवून दिल्यासारखा. आईला पाहून तो ओठ हलवू लागला. केशरबाई खाटेच्या कडेवर बसली, संत्री उशाशी ठेवली आणि त्याच्या कपाळावरून हात फिरवत राहिली. तंगड्याची गोष्ट निघाली नाही.

रूपाली दाराला टेकून उभी होती. दीपमालेनं मनात कधी तिचं चित्र काढलं नव्हतं, पण ही तशी नक्कीच नव्हती. सुकलेली, डोळ्यांखाली काळं, पदराला हळदीचे डाग. "बसा ताई, चहा ठेवते," म्हणाली आणि आत गेली. आतून लायटरचा टकटक आवाज आला. पुन्हा टकटक. मग काहीच नाही.

दीपमाला आत गेली. रूपाली शेगडीपुढं उभी होती.

"गॅस सरला," ती हळूच म्हणाली. "भरेल हाय तो कोपऱ्यात. पन मले लावता येत नाई, ताई. तेच लावत."

दीपमाला तिच्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत तिनं धरून चाललं होतं की इथलं सगळं वेगळं असेल. ही बाई खानावळ चालवते, हिला सगळं येत असेल. बरं वाटायला हवं होतं, किंवा वाईट. काही वाटलं नाही.

"मलेबी नाई येत," ती म्हणाली.

बाहेरून केशरबाई ओरडली, "काय झालं व?"

"गॅस सरला, माय."

"मंग? येकमेकीच्या तोंडाकडं पाहून पेटनार हाय का तो?"

शेजारचे पुरुष कामावर गेले होते. दुपारची गल्ली रिकामी. रूपालीनं रिकामा सिलेंडर ओढायला सुरुवात केली, दीपमालेनं दुसरी बाजू धरली. बटण बंद करून, खालची काळी कडी उचलून रेग्युलेटर निघाला. एवढं तर ओट्यापाशी उभं राहून दोघींनीही पाहिलेलं होतं, वेगवेगळ्या घरांत. भरलेला सिलेंडर ओट्याशी आणला. टोपण काढलं. रूपालीनं रेग्युलेटर वर ठेवून दाबला आणि गॅस फुस्स करून सुटला.

रूपाली किंचाळून मागे सरकली. दीपमालेचा हात दाराकडे गेला. अंगाला पळायचं माहीत होतं. पण दाराबाहेर ललित खाटेवर होता, आणि तो खाटेवरून उठून पळू शकणार नव्हता. तिनं परत येऊन कडी उचलली, रेग्युलेटर ओढून काढला. आवाज बंद झाला. खिडकी उघडली. ती आपल्या हातांकडे कोणा प्रवाशाच्या हातांकडे पाहावं तशी पाहत होती.

बाहेरून ललितचा आवाज आला. घशातून ओढून काढलेला. "वा... वा..."

"पानी पाह्यजे का रे?" केशरबाई म्हणाली.

"वाय... सर."

दोघी दाराशी आल्या. तो डाव्या हाताचं बोट गोल फिरवत होता. "जु... न्या... तलं."

दीपमालेला समजलं. ती आत गेली, भरलेल्या सिलेंडरच्या तोंडात वाकून पाहिलं. आतलं रबराचं वायसर चिरलेलं होतं. रूपालीनं केसांतला आकडा काढून दिला. त्या आकड्यानं दीपमालेनं रिकाम्या सिलेंडरचं चांगलं वायसर उकरून काढलं, चिरलेलं फेकलं, हे त्या जागी बसवलं. या खेपेला रूपालीनं सिलेंडर दोन्ही हातांनी धरला आणि दीपमालेनं रेग्युलेटर सरळ ठेवून कडी उचलून दाबला. टक झालं. कडी सोडली. दोघी श्वास धरून ऐकत राहिल्या. आवाज नाही. साबणाचं पाणी लावलं, बुडबुडाही नाही. तरी खोलीतला गॅस निघून जाईस्तोवर थांबल्या. मग रूपालीनं शेगडी पेटवली.

चहा बाहेरच्या खोलीत आणला. ललितला रूपाली चमच्यानं पाजत होती आणि ओघळलेला चहा पदरानं टिपत होती. तिचा पदर भरला तेव्हा दीपमालेनं आपला रुमाल पुढं केला.

निघायची वेळ झाली तशी केशरबाई खाटेवरून उठेना. "दीपा, मी राह्यतो इथं," ती म्हणाली. "हिले येकटीले उचलनं नाई होत त्याले." मग सुनेच्या तोंडाकडं न पाहता म्हणाली, "तुले राग येईन."

"नाई येत, माय."

"तेच तर," केशरबाई म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला.

दीपमाला एकटी परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीवर जायच्या आधी तिनं आपल्या ओट्याखालचा सिलेंडर बदलला. आधी तोंडातलं वायसर पाहिलं, मग लावला. देवरावांच्या बायकोनं दारातून पाहिलं आणि कौतुकानं गल्लीत सांगितलं. दीपमालेला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही. जड होता, एवढं आठवलं.

पुढं घर फारच मोठं झालं. सासूची खाट तिनं उभी करून ठेवली, मग पुन्हा आडवी केली. रूपालीचे फोन येऊ लागले: गोळी सकाळची की रात्रीची, माय रुसून बसली आहे, हात थोडा हलला. दीपमाला ऐकून घेई, उत्तर देई. उन्हाळ्यात डेपोत ड्युट्या बदलल्या आणि तिला अकोल्याची फेरी मिळाली. मागितली नव्हती, नाकारलीही नाही. अकोल्याला गाडी दोन तास थांबे. पहिल्या दिवशी ती स्टँडवरच बसून राहिली. दुसऱ्या दिवशी ऑटोनं उमरीला गेली.

एका दुपारी ऊन फार होतं. ललित खाटेवर बसता झाला होता, डाव्या हातानं चमचा धरून जेवत होता. केशरबाई त्याला घास लहान घे म्हणून रागवत होती. दीपमाला जेवली आणि तिथेच भिंतीशी जमिनीवर जरा पाठ टेकायला म्हणून आडवी झाली. तिला झोप लागली. जागी झाली तेव्हा अंगावर चादर होती, पंखा तिच्याकडे वळवला होता आणि रूपाली घरात नव्हती.

"ड्रायव्हरले सांगाले गेली," केशरबाई म्हणाली. "दहा मिनिटं उशीर होईन म्हने. तुले उठवू देत नव्हती ती."

खाटेवरून ललित पाहत होता. त्यानं तोंड जुळवलं. "नी... ज," तो म्हणाला. "अजून."

"गाडी हाय," दीपमाला म्हणाली. तरी लगेच उठली नाही. चादर हनुवटीपर्यंत होती, ती तशीच राहू दिली. दारात रूपालीच्या चपला वाजल्या तेव्हा ती उठली, तोंडावर पाणी मारलं, बॅग खांद्याला अडकवली.