खंड्याच्या खालचा ओंडका

सिडनी आल्मेडा घाबरट होता, हे दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. ते तो स्वतःच, न विचारता सांगत असे. विजेला, कुत्र्यांना, माडाखालून जायला आणि डॉक्टरांनी दिलेल्या पुढच्या तारखेला तो सारख्याच निष्ठेने घाबरे. तीस वर्षं त्याने हायस्कुलात प्रयोगशाळा सहाय्यक म्हणून काढली. तिथल्या कपाटात फॉर्मेलिनच्या बाटल्यांत एक फुरसं, एक घोणस आणि एक नानेटी होती. नानेटी बिनविषारी, म्हणून तिच्यावर त्याचा सर्वांत कमी विश्वास. रोज सकाळी तो बाटल्या मोजायचा, झाकणं चाचपायचा आणि मगच कपाटाकडे पाठ करून बसायचा. प्राणी काचेच्या पलीकडे असेल तर सिडनीची त्याच्याबद्दल काही तक्रार नव्हती.

निवृत्त झाल्यावर मस्कतच्या लेकीने, सँड्रीनाने, लांब भिंगाचा कॅमेरा पाठवला आणि सिडनीला पुन्हा काच मिळाली.

आल्मेडांचं शेत म्हणजे घरामागचं दीड एकर खाजण, खाडीलगतची सखल जमीन. खाडीचा एक फाटा त्याला वळसा घालून जातो. खारं पाणी आत घुसू नये म्हणून मध्ये मातीचा बांध, आणि बांधाच्या मधोमध उघाडी: दगडी चौकटीत एकावर एक सरकवलेल्या लाकडी फळ्यांचं दार. भरतीला फळ्या खाली, सुकतीला म्हणजे ओहोटीला वर. हे काम चाळीस वर्षं त्याची थोरली बहीण फेलिसिदाद करत आली होती. ती अडुसष्ट वर्षांची, लग्नाच्या भानगडीत न पडलेली. सिडनीचं मत असं, की देवाने वाटप करताना तिच्या वाट्याची भीतीसुद्धा चुकून त्याच्या पदरात टाकली.

जूनपासून सिडनी रोज बांधावर जाऊ लागला. जाताना सापकिरडू वाटेतून सरकावं म्हणून स्टीलचा एक डबा झाकणाने बडवत जायचा. डब्यात माशांची डोकी असायची, स्वयंपाकघरातून गुपचूप उचललेली. ती उघाडीपाशी पाण्यात टाकली की घारी झेपावत, एकदा तर पाणमांजरांचं अख्खं कुटुंब आलं. फोटो सुरेख यायचे. तिकडे फेलिसिदादने सार करायला ठेवलेली तांबोशीची डोकी रोज गायब व्हायची. तिने शेजारच्या रुक्मिणीच्या बोक्याला दोषी ठरवलं आणि रुक्मिणीला तसं ऐकवलं. दोघींचं बोलणं बंद झालं. सिडनीला वाईट वाटलं. पण खरं सांगायची त्याहून जास्त भीती वाटली.

ऑक्टोबरात चर्चच्या कॅलेंडरसाठी फादरांनी त्याच्याकडे बारा फोटो मागितले. मंगळवारी सकाळी तो कॉम्प्युटरपुढे निवड करत बसला. जानेवारीसाठी त्याने ओंडक्यावर बसलेला खंड्या धरून ठेवला होता. निळा रंग असा उतरला होता, की वाडीतल्या ग्रुपवर त्याला सत्तावीस अंगठे मिळाले होते. पक्ष्याचा डोळा नीट टिपला गेलाय का, हे बघायला त्याने फोटो मोठा केला. डोळा नीट होता. त्याच्या वीतभर खाली दुसरा डोळा होता. तोही नीट होता. पिवळा, मधोमध उभी काळी चीर असलेला.

सिडनीने खुर्ची मागे सरकवली, जणू तेवढ्याने फरक पडणार होता. मग तो मागचे फोटो उघडत गेला. ऑगस्टात ओंडका पलीकडच्या कांदळवनाशी होता. गणपतीच्या सुमारास फाट्याच्या मधोमध. असे अकरा फोटो, आणि प्रत्येकात ओंडका मागच्यापेक्षा जवळ. परवा रविवारच्या फोटोत तर उघाडीच्या फळीची कडसुद्धा आली होती.

हा ओंडका वाहून आला नव्हता. त्याला रोज घंटा वाजवून जेवायला बोलावलं होतं.

त्याने बहिणीला हाक मारली. उत्तर आलं नाही. तिचा मोबाइल घरातल्या आल्तारवर, मेणबत्तीपाशी पडला होता. तेव्हा त्याला आठवलं: तीन दिवसांच्या पावसाने शेत तुंबलं होतं, पसवलेलं भात गुडघाभर पाण्यात होतं, आणि आज अमावास्येची मोठी सुकती. खालची फळी गाळात रुतून बसते. ती हलवायला पाण्यात उतरावंच लागतं.

कॅमेरा गळ्यात अडकवून सिडनी धावला. वाटेतल्या गवतात काय असेल याचा विचार त्याने आयुष्यात पहिल्यांदा केला नाही.

फेलिसिदाद उघाडीच्या खाडीकडच्या बाजूला कमरेपर्यंत पाण्यात उभी होती, हात खाली गाळात.

"बाय! वर ये! पाण्यात मगर आसा!"

"मगर?" तिने मान वर केली नाही. "आणि गेल्या म्हयन्यात वाघ इल्लो, तेचा काय झाला?"

तो वाघ म्हणजे रुक्मिणीच्या गाईचा पाडा निघाला होता. त्याआधीचा नाग म्हणजे बागेतला पाइप.

"ह्यो बघ फोटो!"

"चष्मो घराक आसा. ओंडको असतलो. घाल कॅलेंडरात."

"बाय, तेका मीच बोलावलंय! रोज डबो वाजवून. तांबोशीची डोकी घातलंय मी तेका. जूनपासून!"

आता मात्र तिने वर बघितलं. "डोकी तू नेलंस?"

"होय गो."

"आणि मी त्या बोक्याक गाळी घातलंय! रुक्मिणी माझ्यावांगडा चार म्हयने बोलणा नाय!"

"तां मगे बोल! पयलां वर ये!"

"फळी अर्धी इली हा. सोडलंय तर परत रुततली. थांब जरा."

सिडनी तिच्याकडे बघतच नव्हता. तिच्यामागे, वीस हातांवर, पाणी ज्या दिशेने चाललं होतं त्याच्या उलट एक ओंडका येत होता. त्यावर आज खंड्या नव्हता.

त्याचे पाय, कोणाला न विचारता, निघाले. आदल्या दिवशी तिथेच विसरलेला डबा उघाडीच्या खांबाला टांगलेला होता. तो हिसकून सिडनी बांधावरून पलीकडच्या टोकाला पळत सुटला. साठ-सत्तर पावलांवर बांध संपला तिथे थांबला आणि झाकण बडवायला लागला. ठण, ठण, ठण. डब्यात काही नव्हतं.

ओंडका थांबला. मग सावकाश वळला.

तो समोरून जाताना फेलिसिदादने त्याला पाहिलं. चष्म्याशिवाय. तिने एका हाताने फळी उपटून बांधावर फेकली आणि तिच्या वयाला न शोभेलशा वेगाने वर चढली. मोकळ्या उघाडीतून शेतातलं पाणी खाडीत धो धो कोसळू लागलं.

इकडे सिडनीपुढे नवाच प्रश्न होता. मगर बांधाच्या पायथ्याशी, सात हातांवर येऊन थांबली होती आणि वर बघत होती. तिने जबडा उघडला नाही; ती नुसती वाट बघत होती. डबा वाजवणं थांबवलं तर ती चिडेल असं त्याला वाटत होतं, आणि वाजवत राहिलं तर जेवण खुद्द तोच ठरेल असंही वाटत होतं. म्हणून तो वाजवत राहिला. कॅमेरा गळ्यात नुसता लोंबत होता; मध्ये काच नव्हती. तिच्या पाठीवरचे खवले त्याला मोजता येत होते.

"सिडनी! पुरे झाला! ये मागे!"

त्याला ऐकू येत होतं, पण त्याने ठणठणाट आणखी वाढवला. शेवटी फेलिसिदाद चिखलाने भरलेल्या हातांनी बांधावरून चालत आली, तिने त्याची कॉलर मागून धरली आणि शाळेतल्या पोराला न्यावं तसं त्याला घरापर्यंत नेलं. वाटभर तो झाकण वाजवत होता.

दुसऱ्या दिवशी वनखात्याची माणसं आली, त्यांनी फोटो पाहिले, फलक लावला आणि काही खायला टाकू नका, पाण्यात उतरू नका, असं बजावलं. डबा माळ्यावर गेला. वाडीतल्या शंकरने लांब दांड्याचा लोखंडी आकडा करून दिला. आता फळ्या काठावरूनच ओढता येतात. फेलिसिदाद रुक्मिणीकडे तळलेल्या बांगड्यांची ताटली घेऊन गेली आणि ती बोक्यासाठी आहे असं म्हणाली. तेवढ्यावरून रुक्मिणीला काय समजायचं ते समजलं. कॅलेंडरच्या जानेवारीत चर्चची घंटा छापून आली.

पण आकडा वापरायलाही काठावर वाकावं लागतंच. तेव्हा दर सुकतीला सिडनी बांधावर उभा राहतो, भिंग पाण्यावर रोखून, आणि फेलिसिदाद फळीला हात लावण्याआधी विचारते:

"भियालंस रे?"

"नाय अजून."

हे खरं नसतं. पण रोजची भीती आणि कामाला येणारी भीती यांतला फरक आता त्याला कळतो.

गेल्या आठवड्यात तिने विचारलं, तेव्हा त्याने पाण्यावरचं काहीतरी काळं भिंगातून पुन्हा पुन्हा न्याहाळलं. मग म्हणाला, "भियालंय."

वाघाचं, पाइपाचं तिने काही काढलं नाही. आकडा खाली ठेवला, मागे सरकली आणि त्याच्याशेजारी बांधावर येऊन बसली. दोघं बघत राहिली. पाऊण तासाने ते जवळून गेलं. फणसाचा ओंडका होता.

"ओंडको गेलो?" तिने विचारलं.

"गेलो."

मग ती उठली आणि फळ्या ओढायला लागली.