आण इकडं

"माझ्या मशीनचा पट्टा कुठाय?"

"माझ्या खिशात."

"गंमत करताय का मास्तर? काम तुंबलंय."

"तुंबू दे. आठवडाभर तू शिवायचं नाहीस. नुसतं बघायचं."

शिवणखान्यात अक्कासारखी सुबक कॉलर कुणाची नव्हती. मास्तरांनीच शेजारी बसून शिकवली होती. बोट इथं, पाय असा, टाका एवढाच. चार दिवसांत तिचा हात बसला. आता मास्तरांच्या गुडघ्यांनी मान टाकलेली. महिनाअखेर ते घरी बसणार. मालकानं सांगून ठेवलेलं, अक्काला शिवणखाना चालवता आला तर ठीक, नाहीतर बाहेरून माणूस आणू. बाहेरचा कुणी डोक्यावर बसावा हे अक्काला मुळीच नको होतं.

आणि खाना कसा चालवायचा ते मास्तर शिकवतील तर शपथ. नुसते प्रश्न.

"एखाद्या पोरीची कॉलर वाकडी आली तर?"

"उसवून शिवीन."

"कोण?"

"मीच की."

"मग शिव जन्मभर."

कुणाचं चुकलं की अक्का झडप घालायची, "आण इकडं." पोरींनी तिचं नावच 'आणइकडं' पाडलेलं.

तिथंच शिवायला बसणाऱ्या तिच्या धाकट्या जावेची कॉलर त्या दिवशीही वाकडी निघाली. अक्काच्या तोंडून 'आण' एवढं सुटलंच. पण बिनपट्ट्याचं मशीन समोर मख्खासारखं बसलेलं. तिनं हात कमरेवर दाबले.

"कुठं अडतंय गं?"

जावेनं कॉलर पुढं धरली. "तुम्ही दाखवता तशी फिरवली की माझाच हात आडवा येतो. मी डावरी नव्हे का?"

डावरी. घरात रोज बघत होती अक्का, मशीनपुढं कधी सुचलं नव्हतं.

"मग बोलायचं नाही होय?"

"बोलेस्तोवर कापड तुमच्या मशीनखाली गेलेलं असायचं, जाऊबाई."

"बरं, दुसऱ्या टोकाकडून धरून बघ."

पहिली फसली. अक्काचे हात शिवशिवले. दुसरी सरळ आली.

मास्तरांनी खिशातून पट्टा काढला. "कॉलर शिकवणं सोपं होतं बाई. तुझा हात आवरणं गुडघेदुखीपेक्षा वाईट. मालकाला सांगतो, बाहेरचं कुणी नको."

अक्कानं मशीनला पट्टा चढवला अन् बटणं लावणाऱ्या पोरीला हाक मारली. "बस इथं. आजपासून कॉलर."

"मला कुठं येते?"

"चुकशील. मग बघू."

आणि अक्का काजं करणाऱ्या बायांचं काम बघायला वळली.