लिंबाच्या झाडाखालची रजा

विस्तीनमामा कोबा घालणारा. माल्टाहून आल्यापासून मेलबर्नच्या पश्चिमेला त्याने कितीतरी ठेकेदारांकडे काम केलं. कुणी बुडाला, कुणी भांडला, एक तर मेव्हणीला घेऊन पळाला. पण बांधकामावरच्या माणसाची लांब रजा ठेकेदाराच्या खिशात नसतेच. ती सगळ्या धंद्याच्या एका फंडात साठते आणि मालक बदलला तरी माणसामागून चालत येते. तशी मामाची तीन महिन्यांची भरपगारी रजा साठली.

त्याला मरे नदीकाठी तंबू ठोकून एकट्याने मासे धरत बसायचं होतं. त्यासाठी घडीची खुर्चीही आणली. चूक एकच झाली. रविवारी ससा शिजवला होता, सगळे जेवायला जमले होते, तेव्हा ही रजा त्याच्या तोंडून निघून गेली.

कार्मेनामावशीने चमचा खाली ठेवला. ती मामाची मोठी बहीण. बोटीतून उतरल्यापासून चार वर्षं तिनेच त्याला जेवू घातलं, आणि ते ती विसरू देत नाही. "बाळा," ती मधात बुडवलेल्या आवाजात म्हणाली, "रजा आहे म्हणतोस, तर चर्चच्या सभागृहाची पायरी तेवढी बघशील?"

पायरीमागून माल्टी लोकांच्या बँड क्लबचा जिना आला, मग कुणाच्या गॅरेजचा कोबा. मामाने एकदाच हातपाय मारले. म्हणाला, रजेत पगारावर बांधकाम करायला बंदी आहे. मावशीचे यजमान सॅल्वूकाका दात कोरत म्हणाले, "अरे, म्हणून तर आम्ही पैसे देत नाही."

खुर्ची व्हरांड्यात, दुकानाच्या चिठ्ठीसकट, तशीच पडून राहिली.

रजेच्या शेवटच्या शुक्रवारी मावशीच्या मागच्या अंगणाची पाळी आली. अंगणाच्या टोकाला, कुंपणाच्या कोपऱ्यात, लिंबाचं झाड. कोबा घोटताना माणूस मागे सरकतो आणि शेवट दारापाशी करतो. शिकाऊ पोरालाही हे पहिल्या दिवशी शिकवतात. मामाने सुरुवात दारापासून केली. सरकत सरकत झाडाच्या आळ्यात पोचला. समोर सगळा ओला कोबा, मागे उंच पत्रा, पत्र्यापलीकडे शेजाऱ्यांचा कुत्रा.

मावशी स्वयंपाकघराच्या खिडकीत आली. "विस्तीन! तू अडकलास की रे!"

"हो ना ताई. वय झालं."

काका फळी टाकायला निघाले, तर मामा म्हणाला, वळ उठला तर सगळं फोडून पुन्हा घालावं लागेल, तेही भाड्याच्या माणसाकडून. फळी परत गेली. मग खिडकीतून एकेक काम यायला लागलं: गटाराचं झाकण, अमक्याची भिंत, तमक्याचा ओटा. मामा कानावर हात ठेवून खुणेने सांगायचा, ऐकू येत नाही.

मग त्याने झाडामागे हात घातला. घडीची खुर्ची निघाली. तिच्याखालून पस्तिझीची, म्हणजे चीज भरलेल्या माल्टी करंज्यांची, पुडी आणि थर्मास. चिठ्ठी फाडली, खुर्ची उघडली, पाय पसरले आणि ओल्या करड्या कोब्याकडे डोळे लावून बसला. वाऱ्याने लिंबाचं पान पडलं तरी मान हलवली नाही.

दिवेलागणीला मावशीने टाचेने कोबा दाबून पाहिला. ठसा उठला नाही. "ये रे आता," ती म्हणाली. मामाने खुर्ची मिटली.

पुढच्या दारात काका उभे होते. "पुढच्या रजेत आपण समोरचा ड्राइव्हवे घेऊ. काय?"

मामाने समोरच्या उघड्या जमिनीकडे नीट पाहिलं.

"घेऊ," तो म्हणाला. "फक्त मध्ये एक झाड आत्तापासून लावून ठेवा."