नेईलाची तिसरी ओळ

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं समजायला सोपं जाईल. एकसष्ट पूर्ण झाली तरी डोकं काही थंड होत नाही. त्या दिवशीही सिनेगॉगच्या ऑफिसात मी टेबलावर हात आपटला आणि चहा सांडला. समोर आमचा नवा हजान बसलेला. हजान म्हणजे प्रार्थनेत पुढे उभा राहून सगळ्यांना बरोबर नेणारा. तिशीचा मुलगा, इथेच ठाण्यात वाढलेला, मध्ये वर्षभर इस्राएलला शिकून आलेला. तो एवढंच म्हणाला, "अंकल, यंदा किप्पूरला नेईलाचं गाणं तिकडच्या चालीत घेऊया का? सोपी आहे, आणि लोकांना मोबाईलवर ऐकून पाठ पण आहे."

झालं. माझी सटकली.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. वर्तकनगरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तीस वर्षं राहतोय, तरी तळमजल्यावरचे काका मला अजून पारशीच समजतात. मी दुरुस्त करणं सोडलंय. किप्पूर हा आमचा उपासाचा दिवस. एका संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही आणि वर्षभरात केलेल्या चुकांची माफी मागायची. आमचे जुने लोक त्याला दारफाळणीचा, म्हणजे दार मिटण्याचा, सण म्हणायचे. नेईला ही त्या दिवसाची शेवटची प्रार्थना. सूर्य कलत असतो, स्वर्गाचं दार मिटत असतं, तेवढ्यात आपली हाक आत पोचवायची. तिच्या सुरुवातीला एक हिब्रू गाणं आहे, आठ छोटी कडवी, चार-चार ओळींची. हे गाणं पन्नासएक वर्षं माझे पप्पा हजानच्या जागी उभे राहून म्हणायचे. होळीच्या सुमारास पप्पा गेले, सत्त्याऐंशीव्या वर्षी, आणि त्यांच्यानंतरचा हा पहिला किप्पूर होता.

"दोनशे वर्षं आमची माणसं ह्याच चालीत देवाला हाक मारतायत," मी ओरडलो. "एक सूर हललेला नाही! आणि तू मोबाईलवरून चाल आणणार? लाज नाही वाटत?"

पोरगा उठला. फडक्याने चहा पुसला आणि म्हणाला, "बरं अंकल. मग ते गाणं यंदा तुम्हीच म्हणा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. नाही कसं म्हणणार? "म्हणेन की," म्हटलं आणि तरातरा बाहेर पडलो.

घरी येऊन बाथरूममध्ये शिरलो, नळ सोडला आणि म्हणून बघितलं. पहिली ओळ आली. दुसरी आली. तिसऱ्या ओळीला गाडी अडली. परत सुरुवात केली, परत तिथेच अडली. अरे, नऊ वर्षांचा असल्यापासून दरवर्षी पप्पांच्या मागून हे गाणं मी घसा फोडून म्हटलंय! पण मागून म्हणणं वेगळं, पुढे उभं राहून म्हणणं वेगळं, हे तेव्हा कळलं. मागून म्हणताना मी चाल धरलेली नव्हतीच, मी पप्पांना धरलेलं होतं.

बरं, कुठे ऐकावं म्हटलं तर सोय नाही. हे गाणं वर्षातून एकदाच म्हणायचं, आणि त्या दिवशी दिव्याचं बटणसुद्धा दाबायचं नाही, तिथे रेकॉर्डिंग कुठलं? एरवी पप्पांना म्हणा म्हटलं तर ते कानावर हात ठेवायचे. आमच्या घराचा शिरस्ताच तो. दार उघडं असताना दार मिटायचं गाणं म्हणू नये, म्हणे. त्यामुळे पप्पांच्या आवाजात वाढदिवसाची गाणी आहेत, लग्नातली आहेत, नातवाला झोपवताना म्हटलेली आहेत, माझ्या फोनमध्ये सगळी आहेत. हे एक गाणं नाही.

पुढचे आठ दिवस मी अक्षरशः भिरभिरलो. बँकेच्या रांगेत गुणगुणतोय, स्कूटर सिग्नलला थांबली की गुणगुणतोय, भाजीवाली म्हणतेय "काका, पावकिलो का अर्धा?" आणि मी तिसऱ्या ओळीवर. रात्री झोप नाही, दिवसा जेवणावर लक्ष नाही. बायको एकदा पोळी लाटता लाटता म्हणाली, "अहो, तुम्ही हे देवाला ऐकवायला शिकताय की त्या पोराला?"

मला राग आला. खरं सांगतो, मी काही मोठा धार्मिक माणूस नाही. कारखान्यात तपासनीस होतो, आयुष्यभर पार्ट मोजले, अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं की बाद. हिब्रू मी देवनागरीत लिहिलेल्या वहीवरून वाचतो, निम्म्याचा अर्थ कळत नाही. देव आहे की नाही, ऐकतो की नाही, यावर मी पैज लावणार नाही. पण किप्पूरच्या संध्याकाळी पोटात काही नसताना ते गाणं सुरू झालं की मला वाटायचं, आहे. कुणीतरी ऐकतंय. वर्षातून ती दहा मिनिटं. पप्पांना एकदा म्हटलेलं, अर्थ समजत नाही हो. ते म्हणाले, "अर्थ त्याला माहीत आहे. तू चाल सांभाळ." आता चाल हरवली तर माझ्याकडे उरलं काय? ती दहा मिनिटंही गेली, एवढंच डोक्यात घोळत होतं.

शेवटी आत्या आठवली. पप्पांची धाकटी बहीण, वय वर्षं शहाऐंशी, मुलीकडे राहते, डोंबिवली आणि ठाकुर्लीच्या मधोमध. गुडघ्यांमुळे आता सिनेगॉगला येत नाही. पण त्याआधी सत्तर वर्षं ती वरच्या बायकांच्या गॅलरीत बसून हे गाणं ऐकत आली, म्हणत आली. रविवारी सकाळीच तिच्या दारात उभा राहिलो.

"आत्या, नेईलाची चाल सांग."

"आधी बस. पाणी पी. तोंड बघ कसं झालंय," ती म्हणाली. "आणि आज तो दिवस नाही, माहितीये ना? मी म्हणायची नाही."

मी हातापाया पडलो. हजानशी झालेलं भांडण सांगितलं, दोनशे वर्षं सांगितली, एक सूर हललेला नाही तेही सांगितलं. ती ऐकत होती आणि शेंगा सोलत होती. मग म्हणाली, "शब्द नको घेऊस. नुसतं ला-ला करून दाखव, कुठे अडतोस ते."

मी सुरू केलं. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसरीला तिच्यासमोर कसा कोण जाणे, आवाज आपोआप वर चढला आणि ओळ पूर्ण झाली. मी आनंदाने ओरडलोच, "आली! आत्या, आली!"

आत्या हसत होती. दात नाहीत, सगळं तोंड हसत होतं. "ती होय? अरे बाळा, ती चाल नाही. ती तुझी चूक आहे."

मला आधी वाटलं, म्हातारी चेष्टा करतेय.

"तू नऊ वर्षांचा होतास," ती म्हणाली. "पहिल्यांदा अख्खा उपास धरलेलास. संध्याकाळी तुझा बाप गाणं म्हणायला उभा राहिला आणि तू त्याच्या सिसिथला धरून शेजारी." सिसिथ म्हणजे प्रार्थनेच्या वेळी अंगावर घेतात ती झालरीची शाल. "जोर तर असला तुझा, की वर गॅलरीत आम्हाला दुसरं काही ऐकू येईना. तिसरी ओळ खाली उतरते. तू गेलास वर. सगळे खाली आणि तू एकटा वर, कोंबडा आरवल्यासारखा. पुरुष मंडळी मागे वळून हसायला लागली. पुढच्या कडव्याला पुन्हा तेच. तुझा चेहरा रडवेला झालेला, मला वरून दिसत होता. आणि तिसऱ्या कडव्याला तुझा बाप तुझ्याबरोबर वर गेला."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? हजानच वर गेला म्हटल्यावर सगळे गेले. हसणार कोण आणि कुणाला?"

पुढच्या बाकावर माझे आजोबा बसलेले, त्यांच्याकडून पप्पांनी चाल घेतलेली. उपास सुटला, सरबत वाटलं गेलं, पण आजोबा पप्पांशी बोलेनात. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "माझ्या बापाची चाल मोडलीस तू." आत्या तिथेच होती. पप्पांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "पोराला एकट्याला कसा सोडू?"

पुढच्या वर्षी मी पुन्हा वर गेलो, कारण मला तेच बरोबर वाटत होतं. पप्पा पुन्हा माझ्याबरोबर आले. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. "वर गॅलरीत आम्ही बायका कितीतरी वर्षं खालीच जायचो आणि खाली तुम्ही पुरुष वर," आत्या म्हणाली. "मग आमच्यातल्या कोण इस्राएलला गेल्या, कोण देवाकडे गेल्या. मी एकटी किती ओढणार? मग मीपण वर."

दोनशे वर्षांची चाल म्हणून ज्यासाठी मी त्या पोराच्या अंगावर धावून गेलेलो, ते माझंच लहानपणीचं बेसूर ओरडणं होतं. आणि पप्पांनी बावन्न वर्षांत मला एका शब्दाने सांगितलं नाही. लाज वाटली. पप्पांचा रागही आला, खोटं कशाला बोलू? सांगायला काय जात होतं? मी सुधारली असती ना चूक!

"खरी सांग," मी म्हटलं. "उतरणारी."

आत्याने डोळे मिटले आणि शब्दांवाचून, नुसत्या घशातून, तिसरी ओळ म्हटली. ती खाली उतरली. इतकी साधी, जिना उतरावा तशी. सुरेख होती. मी तिच्याकडून दहा वेळा म्हणवून घेतली, ती दमली तरी सोडलं नाही.

पुढचे दोन आठवडे मी तीच घोकली. खाली, खाली, खाली. माझा हट्ट आता दुसऱ्याच दिशेला फिरला होता. चूक कळली ना? मग बरोबर करायची. पार्ट चुकीचा निघाला की बाद, मग तो कितीही जुना असो. आजोबांची चाल आजोबांना परत द्यायची आणि देवालाही एकदा खरी ऐकवायची. बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "आणि बाकीच्यांना?" मी म्हटलं, बाकीचे हजानच्या मागून येतात. हजानला मात्र काही कळवलं नाही. तिथे मान कोण तुकवणार?

किप्पूर आला. संध्याकाळी पाचनंतर आम्ही बावीस पुरुष उरलेलो, वर पाचसहा बायका. सगळे पांढऱ्या कपड्यात, ओठ सुकलेले. खिडकीतून उन्हाची तिरीप आत आलेली. नव्या हजानने माझ्याकडे बघून मान हलवली आणि मला जागा दिली. मी पप्पांची सिसिथ डोक्यावरून घेतली आणि सुरू केलं.

पहिली ओळ. दुसरी. लोक मागून आले, छान आले. तिसऱ्या ओळीला मी खाली उतरलो, आणि सगळे वर गेले.

सगळे! हजानसुद्धा. तोही लहानपणापासून इथेच शिकलेला, त्याच्या घशात पप्पांचीच चाल. गॅलरीतून माझी बायकोही वर, तिचा आवाज मी ओळखतो. बाकीचे सगळे वर आणि मी एकटा खाली, अगदी बरोबर सुरात.

मी नेट धरला. दुसऱ्या कडव्याला आवाज चढवला, म्हटलं आता तरी येतील. नाही आले. पुढच्या बाकावरचे एक म्हातारे गृहस्थ वहीतून डोकं वर काढून माझ्याकडे बघायला लागले, त्यांना वाटलं मला चक्कर येतेय. उपासाने कान गुंग झालेले. आणि त्या गोंगाटात, देवाशपथ सांगतो, मला एकदम कळलं की पप्पा ह्याच ठिकाणी उभे होते. ह्याच लाकडी कठड्याला धरून. त्यांच्याकडे खरी चाल होती, बापाने दिलेली, समोर बाप बसलेला, दार मिटत आलेलं, देव ऐकत असेल तर तेव्हाच ऐकत असणार. वर्षातल्या त्या एका घटकेला त्यांनी बरोबर सूर सोडला आणि चुकीच्या सुरात आले, कारण तिथे मी होतो. आणि पुढची बावन्न वर्षं त्यांनी देवाला तेच ऐकवलं. मला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मी गाणंच सोडलं असतं. तापट आहे ना मी. त्यांना माहीत होतं.

आणि आता मी त्यांचीच चूक काढत होतो, त्यांची सिसिथ डोक्यावर घेऊन.

तिसरं कडवं आलं. तिसऱ्या ओळीला मी वर गेलो. सगळ्यांबरोबर. आवाज चिरकला, पार फाटला, डोळ्यांतलं पाणी ओठांवर आलं आणि उपास आहे म्हणून ते मी मनगटाने पुसलं. कुणी हसलं नाही. पाच कडवी अजून बाकी होती.